दोन विद्यार्थ्यांची उजळणी

परीक्षेचे दिवस जवळ आले की घरोघरी एक शब्द ऐकू येऊ लागतो, तो म्हणजे उजळणी. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. काळवंडलेले पितळेचे भांडे चिंच लावून घासले म्हणजे ते उजळते. त्याचप्रमाणे शिकलेली पण विस्मरणाने मळलेली विद्या पुन्हा घासूनपुसून लख्ख करणे, ही उजळणी. जुन्या मराठी शाळेत पाढ्यांच्या घोकंपट्टीलाच उजळणी म्हणत, आणि पाढ्यांच्या छोट्या पुस्तकालाही हेच नाव होते. परंतु या उपमेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. भांडे सर्व बाजूंनी धड आहे, त्याचा केवळ उजाळा गेला आहे, असे आपण समजून चालतो. भांड्याला भोकच पडले असेल तर काय? ते कितीही घासले, आरशासारखे चकाकले, तरी त्यात पाणी राहणार नाही. त्याला आधी डाग द्यावा लागतो.

गणिताच्या परीक्षेला बसणाऱ्या अनेक मुलामुलींची स्थिती अशीच असते. एका संख्येचा अर्धा भाग आणि तिसरा भाग मिळून १० होतात, तर ती संख्या कोणती, हे उदाहरण घ्या. विद्यार्थी समीकरण बरोबर मांडतो, पण अर्धा आणि तृतीयांश यांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश करतो, आणि उत्तर २५ काढतो. वास्तविक उत्तर १२ आहे. त्याचा अर्धा ६ आणि तिसरा भाग ४. या विद्यार्थ्याला बीजगणित येत नाही, असा निकाल शिक्षक देतात, आणि तोही तो निमूटपणे मान्य करतो. मग तो समीकरणांची आणखी ५० उदाहरणे सोडवतो आणि ५० वेळा तीच चूक करतो. त्याची अडचण बीजगणितात नसून दोन-तीन इयत्ता मागे राहिलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेत आहे. पण परीक्षा तोंडावर आलेली असताना मागच्या इयत्तेचे पुस्तक उघडणे हा त्याला वेळेचा अपव्यय वाटतो, आणि त्याहूनही अधिक, ती त्याला अप्रतिष्ठा वाटते.

आपल्याकडील जुन्या शाळांत हा प्रश्न आजच्या स्वरूपात उद्भवत नसे. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अंक गिरवी. दिवेलागणीला परवचा म्हणे. आणि साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ करी. रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर ज्या व्यवहारात मोजावयाचे, त्या व्यवहाराला हे पाढे म्हणजे चालती-बोलती गणकयंत्रेच होती. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला ‘बारा निमे सहा’ हे विचार न करताच येत असे. मात्र ते तसे का, हे त्याला कोणी सांगत नसे, आणि त्याच्या व्यवसायाला त्याची गरजही पडत नसे. पुढे १८२० नंतरच्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्विस आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या परिश्रमाने पाश्चात्त्य पद्धतीची गणिताची पुस्तके मराठीत आली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेबरोबर अंकगणिताच्या जोडीला बीजगणित आणि युक्लिडची भूमिती हे विषय शाळेच्या अभ्यासात स्थिरावले. तळमजला एका पद्धतीचा आणि वरचे मजले दुसऱ्या पद्धतीचे, अशी ही इमारत झाली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, १९५८ पासून दशमान वजने आली, आणि पावकी-सवायकीचे व्यवहारातील कारणही सरले. पाठांतराचा तळमजला अशा रीतीने मागे पडला. त्याच्या जागी समजुतीचा तळमजला प्रत्येक मुलाच्या बाबतीत बांधला गेलाच, असे म्हणता येत नाही.

ही अडचण मात्र केवळ आपल्याकडची नव्हे, किंवा केवळ मंदबुद्धीच्या मुलांची तर मुळीच नव्हे. इंग्लंडातील केंब्रिज हे गेली तीन शतके गणिताचे माहेरघर मानले जाते. त्या केंब्रिजमध्ये सुमारे १६५ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन विद्यार्थ्यांचा पाया गणितात कच्चा होता. दोघांनाही परीक्षेला सामोरे जावे लागले, दोघेही तिच्यातून निभावले, आणि दोघेही पुढे जगद्विख्यात झाले. एकाचे नाव आयझॅक न्यूटन, दुसऱ्याचे चार्ल्स डार्विन. कच्च्या पायाशी या दोघांनी दोन निरनिराळ्या तऱ्हांनी व्यवहार केला, आणि त्याचे परिणामही निरनिराळे झाले.

न्यूटन १६६१ च्या जूनमध्ये ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. सधन विद्यार्थ्यांची बारीकसारीक कामे करून शिकणाऱ्या, ‘सायझर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातला तो विद्यार्थी होता. गणिताशी त्याचा परिचय कसा झाला, याची एक हकीकत अब्राहम डी मॉयव्हर या गणितज्ञाने टिपून ठेवली आहे. १६६३ मध्ये केंब्रिजजवळच्या स्टूरब्रिजच्या जत्रेत न्यूटनने फलज्योतिषाचे एक पुस्तक कुतूहलाने विकत घेतले. त्यातील आकाशाची एक आकृती त्याला उमजेना, कारण तिला त्रिकोणमितीचे ज्ञान लागत होते. त्याने त्रिकोणमितीचे पुस्तक मिळविले. तर त्यातील सिद्धता कळेनात, कारण त्यांना भूमितीचा आधार होता. तेव्हा तो आणखी एक पायरी उतरला आणि त्याने युक्लिडचे ‘मूलतत्त्वे’ उघडले.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे रचलेला हा १३ खंडांचा ग्रंथ म्हणजे पायऱ्यांची एक अखंड माळ आहे. आरंभी काही व्याख्या आणि मोजकी गृहीतके; त्यानंतरचा प्रत्येक सिद्धांत केवळ मागे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या बळावर उभा राहतो. न्यूटनने सुरुवातीला नुसती सिद्धांतांची विधाने वाचली. ती त्याला इतकी उघड वाटली की त्यांची सिद्धता देत बसण्याचा खटाटोप कोणी का करावा, हेच त्याला कळेना. पण एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेले समांतरभुज चौकोन क्षेत्रफळाने समान असतात, या सिद्धांताशी तो थबकला. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील चौरसाच्या सिद्धांताशी तो पुन्हा थबकला. या गोष्टी काही नुसत्या डोळ्यांनी दिसण्यासारख्या नव्हत्या. तेव्हा त्याने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून, अधिक लक्षपूर्वक वाचावयास घेतले.

यानंतर देकार्तची भूमिती हा त्या काळातील अत्यंत दुर्बोध ग्रंथ न्यूटनने कोणत्या रीतीने वाचला, तेही डी मॉयव्हरने लिहिले आहे. सुमारे दहा पाने वाचून झाल्यावर त्याची गती खुंटली. तो पुन्हा आरंभापाशी आला. या खेपेस थोडा पुढे गेला आणि पुन्हा अडला. पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला. आणि असे करीत करीत संपूर्ण ग्रंथ त्याने आत्मसात केला. जगातील एका सर्वश्रेष्ठ गणितज्ञाची अभ्यासाची रीत ही अशी होती. तीत चमत्कार कोणताच नाही. अडल्यावर पुढे रेटण्याऐवजी मागे जाण्याची तयारी, आणि मागे जाण्यात कमीपणा न मानणे, एवढेच तिचे मर्म आहे.

तरीही परीक्षेने त्याला गाठलेच. १६६४ मध्ये ट्रिनिटीच्या शिष्यवृत्तीसाठी न्यूटनची चाचणी आयझॅक बॅरो या विद्वानाने घेतली. बॅरोने स्वतः युक्लिडची आवृत्ती १६५५ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्याने साहजिकच युक्लिडवर प्रश्न विचारले. न्यूटनच्या भाचीचे पती जॉन कंड्युइट यांच्या टिपणानुसार न्यूटनला त्यात फारसे सांगता आले नाही. देकार्तविषयी बॅरोने विचारलेच नाही, कारण युक्लिड पक्का झाल्याशिवाय देकार्त कोणाला समजू शकेल, ही कल्पनाच त्याच्या मनात आली नाही. आणि ते पुस्तक आपण वाचले आहे, हे आपणहून सांगण्याचे धैर्य लाजाळू न्यूटनला झाले नाही. बॅरोचे त्याच्याविषयी बेताचेच मत झाले. तथापि शिष्यवृत्ती त्याला मिळाली.

डी मॉयव्हर आणि कंड्युइट या दोघांच्या हकीकती न्यूटनच्या उत्तरायुष्यातील आठवणींवरून लिहिलेल्या आहेत, आणि त्यांचा तपशील एकमेकांशी सर्वस्वी जुळत नाही. पण एका गोष्टीविषयी त्यांत मतभेद नाही. न्यूटनचा पाया काही काळ कच्चा होता, तो उघड झाला, आणि तो उघड झाल्यावर न्यूटन युक्लिडकडे परतला. बॅरोने संपादिलेल्या युक्लिडची न्यूटनच्या टिपणांनी भरलेली प्रत ट्रिनिटीच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. पुढे १६६५ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले, आणि न्यूटन आपल्या वूल्सथॉर्पच्या घरी गेला. त्या एकांतात त्याने कलनशास्त्राची मांडणी केली. १६६९ मध्ये बॅरोने गणिताचे ल्यूकासियन प्राध्यापकपद सोडले आणि ते ज्याच्या हाती गेले, तो हाच युक्लिडमध्ये अडखळलेला विद्यार्थी होता. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या त्याच्या महाग्रंथाची मांडणी युक्लिडच्याच धर्तीची आहे. तरीदेखील, युक्लिडकडे पुरेसे लक्ष देण्यापूर्वीच आपण देकार्त आणि इतर बीजगणितकारांकडे वळलो, याची रुखरुख त्याने वृद्धपणी बोलून दाखविल्याचे त्याच्या ग्रंथाचा संपादक हेन्री पेम्बर्टन याने नमूद केले आहे.

याच युक्लिडची आणखी एक आख्यायिका जॉन ऑब्रे या चरित्रकाराने सांगितली आहे. टॉमस हॉब्स हा तत्त्वज्ञ चाळिशीपर्यंत भूमितीशी अपरिचित होता. एका गृहस्थाच्या ग्रंथसंग्रहात युक्लिडचे पुस्तक पहिल्या खंडाच्या ४७ व्या सिद्धांतापाशी, म्हणजे कर्णाच्या त्याच सिद्धांतापाशी, उघडे पडले होते. हॉब्सने तो वाचला, आणि हे शक्यच नाही असे तो उद्गारला. सिद्धतेत आधीच्या एका सिद्धांताचा हवाला होता. तो त्याने वाचला. त्यात आणखी मागच्या सिद्धांताचा हवाला होता, तोही वाचला. असे उलट्या पावलांनी तो आरंभापर्यंत गेला आणि अखेर त्याची खात्री पटली. कच्चा दुवा शोधण्याची याहून सोपी रीत सांगता येणार नाही. मात्र हॉब्सच्या पुढील आयुष्याने एक इशाराही दिला आहे. वर्तुळाचे चौरसात रूपांतर करण्याचा पेच आपण सोडविला, असे त्याने १६५५ मध्ये जाहीर केले. जॉन वॉलिस या गणितज्ञाने त्याच्या चुका दाखवून दिल्या. आणि हॉब्सने त्या मरेपर्यंत कबूल केल्या नाहीत. मागे जाऊन समजून घेणे त्याला साधले. चूक दाखविली असता पुन्हा मागे जाणे मात्र साधले नाही.

आता दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळू. चार्ल्स डार्विन १८२८ च्या आरंभी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात आला. वैद्यकाचा अभ्यास त्याने एडिंबरो येथे अर्ध्यावर सोडला होता, आणि मुलगा निदान धर्मोपदेशक तरी व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. पदवीसाठी गणित आवश्यक होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो वेल्सच्या किनाऱ्यावरील बारमथ या गावी खासगी शिकवणीसाठी गेला. शिक्षक नीरस निघाला. किनाऱ्यावरचे भुंगे आणि किडे मात्र चित्तवेधक होते. अभ्यासाची प्रगती फारच मंद झाली. डार्विनने १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात याचे कारण प्रांजळपणे दिले आहे. बीजगणिताच्या अगदी प्रारंभीच्या पायऱ्यांतच त्याला काही अर्थ दिसेना, म्हणून तो विषय त्याला नकोसा झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डार्विनला युक्लिडची भूमिती मात्र मनापासून आवडली. ज्याला तर्काची एक पायरी दुसरीवर कशी बसते हे पाहून आनंद होतो, त्याला गणिताची बुद्धी नाही, असे कसे म्हणावे? भूमितीत त्याला प्रत्येक पायरी दिसत होती. बीजगणितात पहिलीच पायरी अंधारात राहिली, आणि तो अंधार दूर करणारा शिक्षक त्याला भेटला नाही. जानेवारी १८३१ मध्ये त्याने पदवीची परीक्षा दिली. भूमिती आणि पेलीचे धर्मशास्त्रीय ग्रंथ यांच्या बळावर, सन्मानाची परीक्षा न देणाऱ्या १७८ उमेदवारांत त्याचा क्रमांक दहावा लागला. परीक्षेच्या दृष्टीने ही उजळणी यशस्वी झाली, असेच कोणीही म्हणेल. जे येत होते ते त्याने चकचकीत केले. जे येत नव्हते त्याला वळसा घातला. अल्पावधीत परीक्षा पार करावयाची तर ही नीती शहाणपणाची आहे, आणि अनेक विद्यार्थी तिच्याच आधारे तरतात. परंतु वळसा घातलेला खड्डा बुजत नाही. पुढे केव्हा तरी रस्ता पुन्हा तेथूनच जातो.

डार्विनच्या बाबतीत तो गेला. १८५९ मध्ये ‘प्रजातींचा उगम’ हा त्याचा युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राण्यांची संख्या किती झपाट्याने वाढू शकते, हे दाखविण्यासाठी त्याने हत्तीचे उदाहरण घेतले. हत्ती हा सर्वांत सावकाश वाढणारा प्राणी. एक जोडी तिसाव्या वर्षापासून नव्वदाव्या वर्षापर्यंत तीन जोड्यांना जन्म देते असे धरले, तर पाच शतकांच्या अखेरीस तिच्यापासून दीड कोटी हत्ती होतील, असे त्याने लिहिले. दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, ‘अथेनियम’ या साप्ताहिकात एका वाचकाने हे गणित जुळत नसल्याचे दाखवून दिले. डार्विनने आपला मुलगा जॉर्ज याच्याकडून हिशेब पुन्हा करवून घेतला आणि दुरुस्ती प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत ७४० ते ७५० वर्षांत सुमारे एक कोटी नव्वद लाख हत्ती, असा नवा आकडा आला. हा जॉर्ज १८६८ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा रँग्लर आला होता. याच परीक्षेत १८९९ मध्ये कोकणातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्रथम क्रमांकाचे मानकरी झाले, आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत कायमचा रुजला. हत्तींच्या या आकड्यात चूक झाली म्हणून डार्विनचा मूळ सिद्धांत बाधित झाला नाही. पण ज्या बीजगणिताला त्याने तरुणपणी वळसा घातला होता, ते ४० वर्षांनी अशा रीतीने दारात उभे राहिले.

दुसरा प्रसंग याहून अधिक हुरहुर लावणारा आहे. आनुवंशिकता कशी चालते, हे कोडे डार्विनला सुटत नव्हते. त्याने श्वानमुख नावाच्या बागेतील फुलझाडाच्या नेहमीच्या आणि विकृत आकाराच्या फुलांच्या जातींचा संकर केला. पहिल्या पिढीत सर्व झाडांना नेहमीची फुले आली. दुसऱ्या पिढीतील १२७ झाडांपैकी ८८ झाडांना नेहमीची, ३७ झाडांना विकृत, आणि दोन झाडांना मधल्या आकाराची फुले आली. हे आकडे त्याने १८६८ मध्ये छापले आणि तो पुढे गेला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६६ मध्ये, ग्रेगोर मेंडेल या ऑस्ट्रियन साम्राज्यातील मठवासीयाने वाटाण्याचे ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मोजून, त्यांचे प्रमाण तिनास एक असल्याचे ओळखले होते, आणि त्या प्रमाणामागचा नियम बीजगणिताच्या अक्षरांनी मांडला होता. मेंडेल स्वतः १८५० मध्ये शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला होता. त्यानंतर तो व्हिएन्ना विद्यापीठात जाऊन भौतिकशास्त्र आणि गणित पुन्हा शिकला होता. डार्विनची झाडे थोडी होती, आणि त्याच्या मनात आनुवंशिकतेची कल्पनाही निराळी होती. तेव्हा केवळ गणित येते तर त्याला तो नियम सापडला असता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गुणोत्तर डोळ्यांसमोर असून त्याने त्याला हाक मारली नाही, हे खरे. गणिताची थोर तत्त्वे समजण्याइतके तरी आपण पुढे जावयास हवे होते, ज्यांना ती कळतात त्यांना जणू एक जादा इंद्रिय असते, अशी खंत त्याने त्याच आत्मचरित्रात व्यक्त केली आहे.

डार्विनची गणितावर श्रद्धाच नव्हती असे मात्र नव्हे. १८५५ मध्ये आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, प्रत्यक्ष मोजमाप आणि त्रैराशिक यांवाचून आपला कशावरही विश्वास नाही, असे त्याने म्हटले होते. जे त्याला खरोखर समजले होते, त्यावर त्याची श्रद्धा होती. हा त्रैराशिकाचा उल्लेख वाचून मराठी माणसाला आपल्या मातीतल्या एका ग्रंथाची आठवण व्हावी. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. ज्याप्रमाणे परमेश्वराने हे विश्व व्यापले आहे, त्याप्रमाणे त्रैराशिकाने सारे गणित व्यापले आहे, अशा आशयाचे वचन त्यात आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी पितामहांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आढळला.

‘लीलावती’ची रचना पाहिली म्हणजे कच्च्या पायाच्या विद्यार्थ्याची केवढी चिंता तिच्या कर्त्याने वाहिली होती, ते ध्यानात येते. आरंभी नाणी, वजने, लांबी, धान्याची मापे आणि काळ यांच्या परिभाषा. मग स्थानांची नावे. मग बेरजेपासून घनमुळापर्यंतची आठ परिकर्मे. तीच आठ परिकर्मे पुन्हा अपूर्णांकांसाठी, आणि पुन्हा शून्यासाठी. एवढे झाल्यावरच भुंग्यांचे थवे, हंसांच्या रांगा आणि मोत्यांचे तुटलेले हार यांची रमणीय उदाहरणे येतात. मग त्रैराशिक येते, आणि त्याच्याही पुढे श्रेढी. ज्या गुणोत्तर श्रेढीत डार्विनचा हत्तींचा हिशेब अडखळला, तिचाही नियम तेथे आहे. त्याच ग्रंथात व्यस्तविधी नावाची एक रीत सांगितली आहे. शेवटचे फळ माहीत असेल तर तेथून उलट निघावे. गुणिले असेल तेथे भागावे, मिळविले असेल तेथे वजा करावे, आणि मूळ राशीपाशी पोचावे. ही रीत संख्यांसाठी सांगितली आहे. पण अडलेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अज्ञानाचा माग काढण्यासाठी याहून निराळे काही करावयाचे नसते.

मग परीक्षा महिनाभरावर आली असताना विद्यार्थ्याने काय करावे? इतिहासाचे उत्तर असे दिसते, की सारे पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याचे कारण नाही, आणि नुसती पुढची उदाहरणे रेटण्यातही अर्थ नाही. जेथे अडले तेथून एकेक पायरी उतरावे आणि ज्या पायरीवर पाय घट्ट बसतो, तेथे थांबावे. शालेय गणितात अशा सांध्याच्या जागा मोजक्याच असतात. अंकाचे स्थान, हातच्याची वजाबाकी, भागाकार, अपूर्णांकांचा समच्छेद, प्रमाण आणि उणे चिन्ह, एवढ्यांतच बहुतेकांचे पाणी गळते. समच्छेदाचे कोडे भाकरीचे चतकोर करून एका संध्याकाळी सुटू शकते. ते सुटले म्हणजे समीकरणांच्या ज्या ५० उदाहरणांत एकच चूक होत होती, ती ५० उदाहरणे एकदम सरळ होतात. मागे जाण्यात जो वेळ गेलासा वाटतो, तो अशा रीतीने पुढे भरून निघतो.

परंतु हे घडण्यासाठी आणखी एका गोष्टीची आवश्यकता असते, आणि ती विद्यार्थ्याच्या हाती नसते. दहावीतल्या मुलाच्या हाती पाचवीचे पुस्तक दिसले तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी हसू नये, आणि शिक्षकांनी वर्गापुढे त्याचा उल्लेख करू नये. बॅरोने न्यूटनचे युक्लिडमधील अज्ञान पाहिले, मनात नोंदले, आणि तरीही त्याच्यापुढचे दार बंद झाले नाही. त्या एका चाचणीवरून त्या मुलाला कायमचे बाहेर काढले असते तर काय गमावले गेले असते, याचा हिशेब करावयास कोणतेही त्रैराशिक पुरणार नाही. उलट, बारमथच्या त्या नीरस शिक्षकाने बीजगणिताच्या पहिल्या पायरीवर आणखी आठवडाभर थांबून तिचा अर्थ सांगितला असता, तर डार्विनला कदाचित ती खंत ५० वर्षे बाळगावी लागली नसती.

उजळणी हा शब्द आपण जपलेला आहे, तो चांगलाच आहे. त्यात प्रकाशाची कल्पना आहे. मात्र प्रकाश हा भांडे चकाकावे म्हणूनच असतो असे नाही. भोक कोठे पडले आहे, ते दिसावे म्हणूनही असतो. ते एकदा दिसले की डाग देण्याला फारसा वेळ लागत नाही.